सनद आणि अध्यापक : सेरामपूरच्या इतिहासातील एक धागा

सेरामपूर महाविद्यालयाच्या सनदेवर डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने २३ फेब्रुवारी १८२७ रोजी शिक्कामोर्तब केले. हुगळीच्या पश्चिम तीरावरील एका चिमुकल्या डॅनिश वसाहतीत नऊ वर्षांपूर्वी निघालेल्या या विद्यालयास त्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील विद्यापीठे स्थापन होण्यास तेव्हा अजून तीस वर्षे अवकाश होता. परंतु या अधिकाराने ईश्वरविज्ञानाची पहिली पदवी प्रत्यक्षात दिली गेली ती १९१५ साली. मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत सनद कोणी रद्द केली नव्हती. १८४५ साली डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांस विकली, तेव्हा महाविद्यालयाचे हक्क अबाधित राहतील असे कलमही तहनाम्यात घालण्यात आले होते. अधिकार होता, गंगेकाठी उंच खांबांची देखणी इमारत होती, ग्रंथसंग्रह होता. नव्हती ती शिकविणाऱ्यांची परंपरा.

(नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर आणि हे बंगालमधील सेरामपूर यांची गल्लत आमच्या विद्यार्थ्यांकडून अधूनमधून होते, म्हणून हा खुलासा येथेच केलेला बरा.)

ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाचा दर्जा कसा उंचावावा हा विषय आपल्या मंडळ्यांत निघाला की बोलणे प्रथम अभ्यासक्रमावर जाते, मग मान्यतेवर, मग वसतिगृहाच्या इमारतीवर. अध्यापकाचा विचार सर्वांत शेवटी येतो. आणि येतो तोही ‘कोणाची तरी नेमणूक करू’ एवढ्यापुरता. सेरामपूरचा इतिहास आम्ही येथे पुन्हा उघडीत आहोत तो याच कारणासाठी. त्यातील मिशनरी चरित्रांचा भाग आमच्या वाचकांस परिचित आहे. आम्हांस त्यातून एकच धागा उचलावयाचा आहे : शिकविणारा कोठून आला, त्याला कोणी घडविले, आणि त्याच्यामागून कोण उभा राहिला.

तत्पूर्वी गोव्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे, कारण आपल्या भागात ही गोष्ट सेरामपूरहून पावणेतीनशे वर्षे जुनी आहे. १५४१ साली गोव्यात ‘सांता फे’ या बंधुसंघाने देशी मुलांसाठी विद्यालय काढण्याचे ठरविले. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर आले. थोड्याच काळात ते विद्यालय येशूसंघाकडे जाऊन सेंट पॉल महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. १५५६ साली तेथे छापखाना उतरला. त्यावर पहिल्यांदा काय छापले गेले, याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. ते प्रश्नोत्तरीचे पुस्तक नव्हते, की प्रार्थनापुस्तकही नव्हते. विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडावयाची तत्त्वज्ञानाची प्रमेये होती ती. भारतभूमीवर मुद्रणाचा आरंभ झाला तो परीक्षेच्या कागदाने, असे म्हटले तरी चालेल. आणि वादसभेत विद्यार्थ्याची परीक्षा होते त्याहून अधिक त्याच्या गुरूची होते, हे ज्यांनी असे प्रसंग पाहिले आहेत त्यांस सांगणे नको.

राशोलचे नाव आपण घेतो ते थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात पोहोचले. पुराण १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. सदतीस वर्षांचे अंतर आहे हे. भाषा अवगत करणे, ती शिकविणे, तिचे व्याकरण बांधणे आणि मग तिच्यात ओवी रचणे, यांस एक आयुष्य लागले. त्या इंग्रज धर्मगुरूला मराठी वाणीचा घाट ज्यांनी शिकविला ते देशी लोक कोण, हे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून कळत नाही. ही उणीव पुढे सेरामपुरातही भेटणार आहे.

गोव्याच्या इतिहासातील एक घटना आमच्या विषयाच्या फार जवळची आहे. १७५९ साली पोर्तुगालच्या सरकारने येशूसंघास आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार करण्याचा हुकूम काढला, आणि राशोलचा अध्यापकवर्ग नाहीसा झाला. १७६२ साली तेथे धर्मप्रांतीय सेमिनरी सुरू करावयाची ठरली, तेव्हा शिकविण्यास कोण पुढे आले? पवित्र क्रूसाच्या ऑरेटोरियन संघाचे धर्मगुरू. म्हणजे गोव्याचेच पुत्र. हाच तो संघ, ज्यात १६८५ साली जोसेफ वाझ यांनी प्रवेश केला होता आणि ज्याने सिलोनच्या मंडळीला पिढ्यानपिढ्या सेवक पुरविले होते. जोसेफ वाझ यांस २०१५ साली संतपद मिळाले तेव्हा त्यांच्या प्रेषितकार्याचे गुणगान सर्वत्र झाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु आम्हांस असे वाटते की त्या संघाचे दुसरे एक ऋण अजून पुरतेपणी मान्य झालेले नाही. परकीय शिक्षक गेले त्या क्षणी शिकवू शकतील अशी माणसे गोव्यात तयार होती, ती त्यांच्या घरात. ही तयारी कोणा राज्यकर्त्याच्या योजनेने झाली नव्हती. उलट देशी धर्मगुरूंस वरच्या जागांपासून दूर ठेवण्याचीच राजनीती होती. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो यांस गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून रोम गाठावे लागले, आणि १७८७ च्या पिंटो कटात धर्मगुरू सामील झाले त्यामागेही हेच शल्य होते. पुढे राशोलचा कारभार काही काळ युरोपातून आलेल्या लाझारिस्ट संघाकडे गेला, पुन्हा ऑरेटोरियनांकडे आला. १८३५ साली सर्वच धर्मसंघ बरखास्त झाले तेव्हा तो धर्मप्रांतीय धर्मगुरूंनी सांभाळला. इतके धक्के बसूनही विद्यालय उभे राहिले, याचे मर्म त्या अठराव्या शतकातील देशी अध्यापकवर्गात आहे.

सेरामपूरची कथा नेमकी याच्या उलट घडली.

विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली महाविद्यालय काढले. आशिया खंडातील ख्रिस्ती व इतर तरुणांस पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्य विज्ञान शिकविणे हा त्याचा जाहीर हेतू होता. आरंभी विद्यार्थी होते ३७, आणि त्यांत ख्रिस्ती व ख्रिस्तीतर जवळजवळ निम्मे निम्मे. जात, वर्ण वा देश यांवरून कोणास प्रवेश नाकारू नये असे पुढे नियमांतच लिहिले गेले. योजना विशाल होती : विद्यार्थ्याने प्रथम आपली भाषा व संस्कृत यांत पारंगत व्हावे, मग पदार्थविज्ञान, मग पवित्र शास्त्र, आणि अशा रीतीने तयार झालेल्यांतूनच पुढचे शिक्षक व उपदेशक निघावेत. पौलाने तीमथ्यास जे सांगितले, की ऐकलेले विश्वासू माणसांच्या हाती सोपवावे आणि त्यांनी आणखी इतरांस शिकवावे, ते या मंडळींच्या डोळ्यांपुढे होते यात शंका नाही.

शिक्षक कोण होते? केरी वनस्पतिशास्त्र शिकवीत. वॉर्ड निधी गोळा करण्यासाठी युरोप-अमेरिकेस गेले होते. ते १८२१ साली परतले तेव्हा जॉन मॅक या स्कॉटिश विद्वानास बरोबर घेऊन आले. मॅक रसायनशास्त्र शिकवू लागले. त्यांचा रसायनावरचा बंगाली ग्रंथ १८३४ साली निघाला. अमेरिकेतील काही देणगीदारांनी अशी अट घातली होती की आपला पैसा केवळ ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी वापरावा, विज्ञानासाठी नव्हे. केरींस ही अट अत्यंत संकुचित वाटली. विज्ञानावाचून धर्मसेवक कसा तयार होईल, असा त्यांचा प्रश्न होता. देणगी देणाऱ्याने अभ्यासक्रम ठरवावयाचा, हा रोग जुना आहे हे यावरून दिसेल.

आता केरींच्या दुसऱ्या अध्यापनाकडे वळू, कारण तेथे मराठीचा संबंध येतो. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत होते. बंगाली व संस्कृतच्या जोडीस मराठीचेही काम त्यांजकडे आले. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, १८१० साली कोश. या कामात त्यांचे प्रमुख साहाय्यक वैजनाथ शर्मा हे पंडित होते. सेरामपुरी छापलेली मराठी ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) वैजनाथ पंडितांचीच. फोर्ट विल्यमच्या कॉलेजात वेतनाची उतरंड कशी होती हे बंगाली विभागावरून कळते. केरींस आरंभी दरमहा ५०० रुपये मिळत. मृत्युंजय विद्यालंकारांसारख्या प्रकांड प्रमुख पंडितास २००. खालच्या पंडितांस ४०. केरी आपले वेतन स्वतःसाठी ठेवीत नसत, ते मिशनच्या सामाईक तिजोरीत जाई, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. आम्ही बोलतो आहोत ते व्यक्तीविषयी नव्हे, रचनेविषयी. त्या रचनेत ‘प्रोफेसर’ एक होता आणि बाकीचे त्याचे साहाय्यक. ज्ञान पंडिताकडून प्रोफेसराकडे जाई आणि तेथून विद्यार्थ्याकडे. पंडित स्वतः मात्र अध्यापक या पदवीस चढत नसे. पुढील शंभर वर्षे आपल्या देशातील बहुतेक ख्रिस्ती विद्यालये याच नमुन्यावर चालली.

मग सनदेचे काय झाले? १८२६ साली मार्शमन कोपनहेगनला गेले आणि सनद मिळवून परतले. परंतु त्याच सुमारास सेरामपूरची मंडळी व इंग्लंडमधील त्यांची मिशन संस्था यांचा संबंध तुटला. वॉर्ड १८२३ सालीच पटकीने दगावले होते. १८३० पासून कलकत्त्यातील बड्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि त्यांत महाविद्यालयाच्या व मिशनच्या ठेवी बुडाल्या. फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापकांच्या जागा सरकारने याच काळात मोडीत काढल्या, तेव्हा केरींचे वेतनही गेले. १८३४ साली केरी, १८३७ साली मार्शमन, १८४५ साली मॅक निवर्तले, मॅकही पटकीनेच. पाव शतकाच्या आत चौघेही गेले.

पैसा बुडाला हे खरे, मतभेद झाले हेही खरे. तथापि आमच्या मते मूळ दुर्बलता निराळी होती. या चार माणसांच्या मागे दुसरी पिढी नव्हती. सत्तावीस वर्षे महाविद्यालय चालवून त्यातून एकही असा अध्यापक निघाला नव्हता की ज्याच्या हाती सनद द्यावी आणि म्हणावे, आता तू पदवीचे वर्ग घे. राशोलला १७६२ साली जे शक्य झाले ते सेरामपूरला १८४५ साली झाले नाही. एका ठिकाणी राजाश्रय विरुद्ध असून माणसे होती. दुसऱ्या ठिकाणी राजाची सनद असून माणसे नव्हती.

१८५७ नंतर सेरामपूर कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले आणि त्या विद्यापीठाच्या परीक्षांसाठी मुले तयार करू लागले. स्वतः पदव्या देण्याचा हक्क असलेली संस्था दुसऱ्याच्या परीक्षांची शिकवणी घेऊ लागली, यात जो विरोध आहे तो त्या काळीही काहींस जाणवला असेल. १८८३ साली कलाशाखेचे वर्ग बंद झाले. उपदेशक व शिक्षक तयार करण्याची शाळा तेवढी राहिली.

त्या मधल्या काळात इतरत्र काय चालले होते तेही पाहावे. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात (स्थापना १८२०) कृष्णमोहन बॅनर्जी १८५२ ते १८६८ प्राध्यापक होते. ते स्वतः तेथेच शिकलेले होते. विद्यार्थी प्राध्यापक झाला, आणि त्याने हिंदू दर्शनांवर व ख्रिस्ती विश्वासावर स्वतंत्र लेखन केले, ही त्या शतकातील विरळ गोष्ट होय. आपल्या भागात अमेरिकन मराठी मिशनने १८७८ साली अहमदनगरास ईश्वरविज्ञानाचे विद्यालय काढले. रॉबर्ट ह्यूम यांचे नाव त्याशी निगडित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेथे शिकवीत असत. टिळकांची कविता आपण गातो, त्यांचे अध्यापन मात्र आपल्या स्मरणातून गेले आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षण मराठीत, मराठी माणसाने, मराठी संतपरंपरेचे भान ठेवून द्यावे याचा तो आरंभकाळचा प्रयोग होता. त्या प्रयोगातून अध्यापकांची माळ ओवली गेली असती तर आज आपल्या पुढ्यात निराळे चित्र असते. परंतु मिशनच्या हिशेबात ‘नेटिव्ह’ शिक्षकाची जागा ही साहाय्यकाचीच राहिली. त्यास पुढील अभ्यासासाठी रजा, ग्रंथ व निवृत्तीची शाश्वती देणे हे कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हते.

सनद जागी झाली ती जॉर्ज हॉवेल्स यांच्यामुळे. १९०७ च्या सुमारास ते प्राचार्य झाले. भाषाशास्त्र व धर्मांचा तौलनिक अभ्यास यांत त्यांची गती होती. १९१० साली उच्च ईश्वरविज्ञानाचा विभाग सुरू झाला. १९१५ साली तिघांना बी.डी.ची पदवी मिळाली. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर महाविद्यालयाचा कायदा संमत केला आणि शैक्षणिक कारभारासाठी निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सिनेट अस्तित्वात आली. बंगळूरचे संयुक्त ईश्वरविज्ञान महाविद्यालय (१९१०), कलकत्त्याचे बिशप्स कॉलेज आदी विद्यालये तिच्याशी संलग्न झाली. आज संलग्न विद्यालयांची संख्या पन्नासहून अधिक आहे.

या घडामोडीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. बॅप्टिस्ट, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, लूथरन, मार थोमा अशा मंडळ्यांचे विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवू लागले. एका विद्यालयाच्या अध्यापकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासावयाची पद्धत पडली. अध्यापकास आपल्या कुंपणाबाहेरचा वाचक मिळाला, आणि दर्जा राखावयास याहून साधा व खात्रीचा उपाय नाही. पण नाण्याला दुसरी बाजू होती. पदवीची भाषा इंग्रजी ठरली. देशी भाषांतून शिकणाऱ्यांसाठी खालच्या पायरीचा अभ्यासक्रम राहिला. परिणाम असा झाला की ज्यास उत्तम शिक्षण मिळाले तो इंग्रजीतून शिकविणाऱ्या विद्यालयाकडे ओढला गेला आणि मराठी, कानडी, हिंदी वर्गांस जो उरला तो मिळाला. ही उतार लागलेली जमीन कोणी मुद्दाम तयार केली असे नाही. पण पाणी एकाच दिशेस वाहत राहिले.

१९३०-३१ साली ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग भारतातील ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी करून गेला. त्याचे चिटणीस निकोल मॅकनिकल हे पुण्यात दीर्घकाळ सेवा केलेले आणि मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतरकार. आयोगाची पाहणी आर्ट्स कॉलेजांची होती. मुंबईचे विल्सन, नागपूरचे हिस्लॉप, इंदूरचे ख्रिश्चन कॉलेज ही आपल्या परिचयाची नावे त्याच जातीची. आयोगाचे निदान असे की ही महाविद्यालये संख्येच्या व परीक्षेच्या ओझ्याखाली दबली आहेत. अध्यापकास अभ्यासाला व संशोधनाला उसंत नाही. उपाय म्हणून त्याने महाविद्यालयांत संशोधन व विस्तारकार्याचे विभाग काढावेत असे सुचविले, म्हणजे मंडळी व भोवतालचा समाज यांचे प्रश्न अध्यापकाच्या टेबलावर येतील. सूचना पुष्कळशी कागदावर राहिली. तरी अध्यापकाची उसंत हा चैनीचा विषय नसून दर्जाचा पाया आहे, हे इतक्या स्पष्टपणे एका अधिकृत अहवालात आले, हे विसरता येत नाही.

१९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाची अवस्था ही संपूर्ण ख्रिस्ती कार्यातील अत्यंत दुबळ्या बाजूंपैकी एक आहे, असा तेथे निष्कर्ष निघाला. त्याच्या पाठोपाठ मद्रासकडील आयरिश मेथॉडिस्ट मिशनरी चार्ल्स रॅन्सन यांनी भारतातील धर्मसेवकांच्या प्रशिक्षणाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ दुसरे महायुद्ध संपता संपता निघाला. लहान लहान विद्यालये, अपुरा अध्यापकवर्ग, देशी भाषांत पाठ्यपुस्तकांचा दुष्काळ. आज वाचतानाही तो अहवाल शिळा वाटत नाही, आणि ही स्तुती नव्हे.

रॅन्सन यांचे पुढचे कार्य अधिक परिणामकारक ठरले. १९५७-५८ च्या संधीस घाना देशात भरलेल्या सभेने ईश्वरविज्ञान शिक्षण निधी स्थापन केला. रॉकफेलर कुटुंबाच्या एका न्यासाने २० लाख डॉलर देऊ केले, ते अशा अटीवर की मिशन संस्थांनी तेवढीच रक्कम उभी करावी. असे ४० लाख डॉलर जमले आणि रॅन्सन त्याचे पहिले संचालक झाले. निवडक विद्यालयांस अनुदाने मिळाली, ग्रंथालये भरली, पाठ्यपुस्तकांना साहाय्य झाले, आणि तरुण अध्यापक उच्च अभ्यासासाठी परदेशी गेले. एव्हाना नेतृत्वही बदलत होते. सेरामपूरला सी. ई. अब्राहम हे पहिले भारतीय प्राचार्य १९४९ साली लाभले, म्हणजे स्थापनेनंतर १३१ वर्षांनी, बंगळूरला जे. आर. चंद्रन १९५४ साली प्राचार्य झाले. पी. डी. देवनंदन यांच्यासारखा अध्यापक हिंदू धर्माच्या अभ्यासात नवी वाट पाडीत होता. या पिढीचे ऋण मोठे आहे. आमच्या पिढीला ज्यांनी शिकविले त्यांतील अनेकांचे गुरू या पिढीचे.

तथापि परदेशी धाडलेला प्रत्येक अध्यापक परतला असे नाही. जे परतले त्यांतील काहींस आपल्याच भाषेतील वर्ग परका झाला होता. प्रबंध लिहिला तो जर्मन वा अमेरिकन विद्यापीठाच्या प्रश्नावर, आणि समोर बसलेला विद्यार्थी विचारीत होता की गावच्या जत्रेत ख्रिस्ती कुटुंबाने वर्गणी द्यावी की नाही. निधीच्याही हे ध्यानात आले. १९७० नंतरच्या तिसऱ्या टप्प्यात तैवानचे शोकी को संचालक असताना ईश्वरविज्ञान आपापल्या परिस्थितीत रुजले पाहिजे हा विचार अग्रभागी आला. १९७२ नंतर ‘संदर्भीकरण’ हा शब्द जगभर पसरला तो तेथून. १९७७ साली निधीचे कार्य जागतिक मंडळी परिषदेत विलीन झाले. पुढे सेरामपूरच्या सिनेटने डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यास याच देशात होईल अशी व्यवस्था केली. सनदेच्या मूळ हेतूकडे हे खरे पाऊल होते.

रोमन कॅथलिक बाजूचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी भारतासाठी १८९३ साली सिलोनमध्ये कँडी येथे सेमिनरी स्थापिली. भारताचे पुत्रच भारताच्या तारणाचे सेवक व्हावेत हा तिचा आशय. १९५५ साली ती पुण्यास आली आणि मराठी मुलखाच्या मध्यभागी एक मोठे विद्यापीठ उभे राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या पुरोहित-प्रशिक्षणावरील आदेशात (१९६५) म्हटले आहे की सेमिनरीचे अध्यापक उत्तमांतून निवडावेत आणि त्यांस भक्कम विद्या, धर्मसेवेचा अनुभव व अध्यापनकलेचे खास शिक्षण असावे. यांतील तिसरी अट बहुधा दुर्लक्षिली जाते. १९७९ च्या पोपच्या घटनादेशाने चर्चच्या विद्यापीठांतील स्थायी अध्यापकास डॉक्टरेट वा तिच्या तोडीची योग्यता आवश्यक ठरविली. डॉक्टरेट मोजता येते; शिकविण्याची कला मोजता येत नाही, म्हणून पहिलीची नोंद होते व दुसरीची होत नाही. देशाच्या सर्वसाधारण उच्च शिक्षणातही हाच घोळ दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली साहाय्यक प्राध्यापकाच्या विद्यापीठीय नेमणुकीस पीएच.डी. अनिवार्य केली, अंमल पुढे ढकलला, आणि २०२३ साली ती अट मागे घेतली.

आता मराठीचा प्रश्न. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्या मराठीत उपासना करतात, पण ज्या राज्यांत त्या वसल्या आहेत त्यांची भाषा निराळी. तेथील पाळक-धर्मगुरूंस तयार करणारा अध्यापक मराठीत विचार करणारा, शेजारच्या भाषेत बोलू शकणारा आणि मूळ इब्री-ग्रीक वाचू शकणारा असावा लागतो. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. तो दहा-बारा वर्षे आधी निवडावा लागतो. आमच्या पाहण्यात अशी विद्यालये आहेत की जेथे जुना करार, मंडळीचा इतिहास, संगीत आणि खानावळीचा हिशेब हे चारही विषय एकाच गृहस्थाकडे आहेत; त्याने शेवटचे नवे पुस्तक कधी विकत घेतले हे विचारण्याचा धीर आम्हांस होत नाही. आणि ज्यास डॉक्टरेट मिळाली त्याचा प्रबंध इंग्रजीत पडून आहे. संत वाङ्मयावर वा दलित ख्रिस्ती अनुभवावर त्याने जे शोधले ते त्याच्या स्वतःच्या मंडळीस वाचता येत नाही.

सिनेटच्या व धर्मप्रांतांच्या विचारार्थ आम्ही येथे तीन गोष्टी ठेवतो. ज्या तरुणास वा तरुणीस अध्यापनासाठी निवडावयाचे तिला वा त्याला प्रथम पाच वर्षे मंडळीत काम द्यावे, मगच संशोधनास धाडावे. उलट क्रमाने धाडल्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. दुसरे, प्रत्येक प्रबंधाबरोबर त्याचा शंभरएक पानांचा मराठी गोषवारा स्वीकारल्यावाचून पदवीची शिफारस करू नये. भाषांतर नव्हे, पाळकासाठी नव्याने लिहिलेले पुस्तक. तिसरे खर्चाचे आहे आणि म्हणून कदाचित सर्वांत अवघड : दर सात वर्षांनी अध्यापकास एक वर्षाची अभ्यासरजा, पगारासह, आणि त्याच्या जागी बदली माणूस. नव्या सभागृहाच्या कोनशिलेवर देणगीदाराचे नाव कोरता येते, अभ्यासरजेवर कोरता येत नाही, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. परंतु राशोलच्या ऑरेटोरियनांनी आपल्या घरात जे केले ते एवढेच होते : शिकलेल्या माणसास त्यांनी आपल्यात ठेवून घेतले, वाचावयास वेळ दिला, आणि त्याच्या शेजारी एक तरुण बसविला.

वैजनाथ पंडितांच्या शेजारी कोण बसत असे, त्याची नोंद सेरामपूरच्या कागदांत आम्हांस कोठे आढळली नाही.